पेढीची भाषा आणि दारातली भाषा

अँटवर्पच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की होवेनिअर्सस्ट्राट नावाची एक गल्ली लागते. गल्ली म्हणावी इतकीच ती आखूड आहे. दोन्ही बाजूंना साध्या, काहीशा रुक्ष इमारती, वाहनांना मज्जाव, जागोजागी पहारा. जगातील हिऱ्यांच्या व्यापारात या गल्लीला आणि तिच्या शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांना शतकाहून अधिक काळ मानाचे स्थान आहे. येथे हिऱ्यांचे चार बाजार भरतात, त्यांपैकी सर्वांत जुना १८९३ सालचा. काळी टोपी घातलेला एखादा ज्यू व्यापारी आणि पालनपूरचा एखादा जैन व्यापारी समोरासमोर बसतात, कागदाची पुडी उलगडली जाते, भिंगातून माल पाहिला जातो, भाव ठरतो आणि दोघेही हात मिळवून एकच शब्द उच्चारतात : 'मझल'. मूळ हिब्रू शब्द, अर्थ नशीब, सुदैव. तो उच्चारला की सौदा पक्का. मागाहून भाव चढो वा उतरो, शब्द मागे घेता येत नाही. आपल्याकडे दिलेल्या जबानीला जे मोल आहे, तेच तेथे या शब्दाला आहे.

गेल्या उन्हाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे एक वयोवृद्ध कापडव्यापारी या गल्लीत आपल्या जावयासोबत उभे होते. दुकान मुलाच्या स्वाधीन करून ते मुलीकडे दोन महिने राहावयास गेले होते. घरात नातू त्यांना नानाजी म्हणतो, तेव्हा येथेही नानाजीच म्हणू. जावयाचे घराणे पालनपूरचे. बारा वर्षांपूर्वी ते मुंबईहून काकांच्या पेढीवर आले आणि तेथेच स्थिरावले. गल्लीतील बोलण्याचा कोलाहल ऐकून नानाजींनी विचारले, "इथली भाषा कोणती म्हणायची?"

"इथली म्हणजे या गल्लीची, की गावाची?"

"गावाची."

"गावाची डच. पण ती लागत नाही, पप्पाजी."

जावईबापूंचे हे उत्तर उडवाउडवीचे नव्हते. त्यामागे हिशोब होता आणि हिशोब म्हणून तो चोख होता. पालनपूरचे जैन व्यापारी १९६० नंतरच्या काळात अँटवर्पला येऊ लागले. मोठ्या व्यापाऱ्यांना ज्यात फारसा रस नव्हता असा बारीक कच्चा माल त्यांनी घेतला, तो घडवण्यासाठी भारतात पाठवला आणि सुरतेच्या कारागिरांच्या बोटांवर आपला व्यापार उभा केला. त्यांचा माल विकणारा एखादा आफ्रिकेतला, घेणारा न्यूयॉर्कचा, हाँगकाँगचा, दुबईचा, नाहीतर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला. अँटवर्पच्या रस्त्यावरून जाणारा सामान्य माणूस हा त्यांचा ग्राहक कधीच नव्हता. भाषा व्यापाऱ्याला ग्राहक शिकवतो. जेथे ग्राहक ती बोलत नाही, तेथे बारा वर्षे काय, चाळीस वर्षे राहूनही ती शिकण्याची निकड लागत नाही. त्यात तेथील डॉक्टर, वकील, बँकेतला अधिकारी, सारे उत्तम इंग्रजी बोलतात. परका माणूस डचमध्ये अडखळू लागला, तर समोरचा सौजन्याने आपणच इंग्रजीत वळतो. हे सौजन्य शिकणाऱ्याच्या फार आड येते.

शिवाय बेल्जियमची भाषा कोणती, हा प्रश्नच तेथे नाजूक आहे. उत्तरेकडे फ्लँडर्समध्ये डच, दक्षिणेकडे वालोनियात फ्रेंच, पूर्वेच्या एका पट्ट्यात जर्मन आणि राजधानी ब्रसेल्स द्विभाषिक. १९६२-६३ मध्ये कायद्याने भाषेची सीमारेषा आखली गेली. १९६८ मध्ये लूवेनच्या शतकानुशतके जुन्या विद्यापीठाची भाषेवरून फाळणी ठरली, त्या वादात देशाचे सरकार पडले आणि पुढे ग्रंथालयाचीसुद्धा वाटणी झाली. बेळगावचा प्रश्न ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे अशा मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्या भाषेसाठी इतके झगडलेल्या प्रदेशात जाऊन 'ही लागत नाही' असे म्हणणे, हे म्हणणाऱ्याच्या मनात नसले तरी ऐकणाऱ्याला थोडे बोचतेच.

फ्लँडर्समध्ये सरकारी कामकाज डचमध्ये चालते. पेढीवर नोकर ठेवले तर त्यांच्याशी संबंधित कागद डचमध्ये हवेत, असा १९७३ चा नियम आहे. सीमापार स्वरूपाच्या नोकरी-करारांच्या बाबतीत युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये त्याची धार बोथट केली, एवढेच. बाहेरून स्थायिक होण्यास येणाऱ्या अनेकांसाठी तेथील शासनाने भाषा आणि समाजव्यवहार यांचा एक अभ्यासक्रम ठेवला आहे, त्याला 'इनबुर्गरिंग' म्हणतात. बेल्जियमचे नागरिकत्व हवे असेल तर २०१३ पासून तिन्हींपैकी एका राष्ट्रभाषेचे ज्ञान दाखवावे लागते. युरोपातील भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरीपुरते ते असले तरी चालते. पण कायद्याचे म्हणणे कायद्यापुरतेच. वकील आणि दुभाषी यांच्या बळावर त्यातून मार्ग निघतो आणि व्यापारी माणूस तो काढतो.

नानाजी त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. जावयाच्या घरी जावयाला शिकवणे त्यांच्या वळणात बसणारे नव्हते. पण ज्या घराण्यात ते जन्मले, त्याने हा प्रश्न चार पिढ्यांपूर्वी सोडवलेला होता. त्यांचे पणजोबा लोटा-डोर घेऊन मारवाडातून निघाले आणि नगर जिल्ह्यात येऊन पोहोचले. येताना त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. वही शेवटपर्यंत मारवाडीत राहिली, घरातले बोलणे मारवाडीत राहिले, पण गादीवर मराठी आली. कारण गादीसमोर बसणारा कुणबी दुसरे काही बोलत नव्हता. दुष्काळाची, पेरणीची, मुलीच्या लग्नाची भाषा त्यांना त्याच्याकडूनच घ्यावी लागली. 'औंदा', 'म्होरल्या बाजाराला', 'नड हाय' हे शब्द कोणत्या शाळेत शिकवले जात नव्हते. तिसऱ्या पिढीत घरात मराठी वर्तमानपत्र येऊ लागले आणि आज नानाजी स्वप्न मराठीत पाहतात, असे त्यांची मुलगी थट्टेने म्हणते. हे मासिक ज्यांच्या घरी जाते, त्यांतील पुष्कळांच्या घराण्याची कथा याहून फार वेगळी नसावी. परदेशी गेलेल्या मुलांविषयी बोलताना आपण स्वतःच कोणे एके काळी परमुलखात आलेलो होतो, ही आठवण मात्र सहसा निघत नाही.

व्यापारी आणि परकी भाषा यांचे नाते आपल्या परंपरेत जुने आहे. उद्द्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला, त्यात बाजारपेठेचे एक वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या बोलीत बोलतो आहे. त्यांत मरहट्टेही आहेत, आणि ते अभिमानी व भांडखोर असल्याची नोंद करावयास आचार्य विसरलेले नाहीत. जालोर मारवाडातच आहे, नानाजींचे पणजोबा जेथून निघाले त्याच मुलखात. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या पायांशी चावुंडरायाने मूर्ती करविल्याचे सांगणाऱ्या ओळी कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेल्या आहेत. तेथील भाषा कानडी, दर्शनास येणारे मात्र दूरदूरचे. पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगावे, एवढे औदार्य त्या दगडात आहे. मात्र पाहुणा मुक्कामालाच राहिला, तर ते औदार्य किती वर्षे पुरावे?

या कथेला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून हा विषय मांडता येणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील बऱ्याच गावांत पसरले. त्यात मारवाडी आणि गुजराती सावकार विशेषकरून लक्ष्य झाले. जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे आणि दस्तऐवज मागून घेऊन ते जाळले गेले. अंगठा उठवला आहे, पण वर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या स्थिती होती, त्यांनी तो कागदच नाहीसा केला. कारणे अनेक होती : कापसाचे पडलेले भाव, वाढलेला सारा, कोर्टांचा बडगा. परंतु न वाचता येणाऱ्या कागदाची भीती त्यात होतीच. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तजवीज केली, ती उगीच नव्हे.

बँकांतून आजही त्या भीतीची खूण शिल्लक आहे. अंगठा उठवणाऱ्या कर्जदाराच्या, किंवा कागद इंग्रजीत असून सही मराठीत करणाऱ्याच्या दस्तावर एक वाक्य घालावे लागते : वरील मजकूर वाचून व समजावून सांगितला, तो त्यांना समजला. दुपारी चार वाजता, रांग उभी असताना, त्या समजावण्यात किती समज असते हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तरी ते वाक्य असावे हे बरे. नानाजींनी ते अनेकदा पाहिले होते, कारण गावातील कित्येक शेतकऱ्यांना ते जामीन राहिले होते आणि बहुधा समजावून सांगण्याचे काम साहेबांऐवजी तेच करीत.

म्हणूनच मुलीने घरखरेदीची हकीकत सांगितली तेव्हा ते दचकले. काही वर्षांपूर्वी जावयाने विल्राइक या उपनगरात घर घेतले. तेथे जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, संगमरवरी जिनालयही तेथेच आहे. खरेदीखत नोटरीसमोर झाले, ते डचमध्ये. शेजारी दुभाषी बसवला होता. नोटरी वाचत होते, दुभाषी सांगत होता, जावईबापू मान डोलवत होते आणि शेवटी त्यांनी सही केली. मुलगी हसत हसत हे सांगत होती. नानाजींना त्यात हसण्यासारखे दिसले नाही. भिंगातून हिऱ्यातला सुईच्या टोकाएवढा डाग हुडकणारा माणूस आपल्याच घराच्या कागदावर 'समजावून सांगितले' या भरवशावर सही करतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. गादीच्या त्या बाजूला आजवर दुसरेच लोक बसत आले होते.

त्या घरात डच आली ती पेढीच्या वाटेने आलीच नाही, ती स्वयंपाकघरातून आली. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आले की वाणसामानाच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते कळल्याशिवाय आपला धर्म सांभाळता येणार नाही. चीजमध्ये 'स्ट्रेम्सेल' असते, म्हणजे दूध विरजणारे द्रव्य, आणि ते बऱ्याचदा वासराच्या जठरातून काढलेले असते. मुलांच्या गोळ्यांत जिलेटिन असते. डचमध्ये अंड्याला 'ऐ' म्हणतात, कांद्याला पुस्तकात एक शब्द आणि फ्लँडर्सच्या बाजारात दुसराच, 'आयुईन', आणि लसणाला चक्क 'लोक'. 'झोंडर' म्हणजे शिवाय. 'झोंडर लोक' हे तिने माहेरी फोनवर सांगितले तेव्हा नानाजी बराच वेळ हसत होते. बेल्जियममध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर बटाट्याच्या तळलेल्या कापांची दुकाने असतात. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरात तो प्रश्न उद्भवत नाही खरा, पण शाळेत जाणाऱ्या मुलापुढे सगळेच नियम टिकतात असे नाही. ते काप पारंपरिक रीतीने गोवंशाच्या चरबीत तळतात. दिसावयास बटाटा, भोवती ती चरबी. ही गोष्ट दुकानदाराला त्याच्या भाषेत विचारल्यावरच कळली. त्या दिवशी तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. आज ती बाजारात, शाळेत, दवाखान्यात डचमध्ये बोलते, चुकतमाकत. मुलाला तिने हट्टाने जवळच्या डच माध्यमाच्या शाळेत घातले. ज्यांना परवडते ते इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा निवडतात आणि जावईबापूंचा कलही तिकडेच होता. आज सहा वर्षांचा नातू शेजारपाजारच्या मुलांशी भांडतोसुद्धा डचमध्ये. भांडता येणे ही भाषा आल्याची मोठी खूण मानावयास हरकत नाही.

दोन वर्षांसाठी कंपनीने पाठवलेल्या तरुणाला कोणी भाषेवरून बोल लावू नये. तो पाहुणा आहे, पाहुण्याने नमस्कार आणि आभार शिकले तरी पुष्कळ. परंतु ज्याने घर घेतले, ज्याचे मूल तेथे वाढते, ज्याची आई तेथे म्हातारी होते आहे, त्याचा हिशोब पेढीवर मांडून चालत नाही. पेढीवर तो नेहमी नफ्यातच दिसतो.

आई, म्हणजे जावईबापूंच्या मातोश्री. त्यांना घरात सारे बा म्हणतात. पतीच्या निधनानंतर त्या मुंबईहून मुलाकडे आल्या. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक फ्लेमिश वृद्धा एकटी राहत असे. तिला इंग्रजी येत नव्हते, बांना डच येत नव्हती. पण रोज सकाळी दोघी कुंपणापाशी भेटत. हात हलवणे, हसणे, आभाळाकडे बोट दाखवून थंडीने काकडल्याचा अभिनय करणे, एवढा त्यांचा संवाद. दिवाळीत बा तिला शंकरपाळ्यांची ताटली देत. ती ताटली रिकामी कधी परत आली नाही. तिच्यावर कधी बागेतली सफरचंदे असत, कधी फुले. चार वर्षे हे चालले.

नानाजी गेले त्याच्या थोडे आधी ती वृद्धा कुंपणापाशी दिसेनाशी झाली. मुलीकडे गेली असेल, असे बांनी गृहीत धरले. सून तेव्हा मुलाच्या सुटीमुळे भारतात आली होती. पोस्टाच्या पेटीत पत्रके, जाहिराती, बिले येत, ती जावईबापू टेबलावर एका गठ्ठ्यात ठेवीत. बिले तेवढी बाजूला काढीत, कारण आकडे कोणत्याही भाषेत वाचता येतात. सून नानाजींना सोबत घेऊन परतली आणि तिने तो गठ्ठा उलगडला, तेव्हा त्यात करड्या काठाचे एक पाकीट निघाले. तेथे मृत्यूची वार्ता छापील पत्राने नातलगांना आणि शेजाऱ्यांना कळवण्याची रीत आहे. शेजारच्या वृद्धेचे निधन झाले होते. अंत्यविधीची तारीख, वेळ, चर्चचे नाव सारे त्यात होते. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

वाचकांपैकी जे जुन्या घरांत वाढले, त्यांना कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आठवत असेल. अक्षरशत्रूच्या हातात पडले तरी काय घडले ते त्याला कळे. पाकिटाचा करडा काठही तेथे तेच सांगतो, फक्त ते सांगणे ठाऊक असावे लागते. आपल्या समाजात लग्नाला जाणे एक वेळ राहिले तर चालते, पण उठावण्याला जाणे राहिले तर ते पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. बा ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसून होत्या. "तिच्या घरच्यांना वाटलं असेल, भिंतीला भिंत असून कोणी आलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या. जावईबापू तेथेच उभे होते. पाकीट त्यांच्याच हातून गठ्ठ्यात गेले होते. त्यांनी काही समर्थन केले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुनेने चौकशी केली. वृद्धेची मुलगी आवराआवरीसाठी रविवारी येणार होती. त्या चार दिवसांत बांनी एक वाक्य पाठ केले. सांत्वनासाठी तेथे 'इन्निगे डेलनेमिंग' म्हणतात, मनःपूर्वक सहानुभूती असा त्याचा भाव. सुनेने ते गुजराती लिपीत कागदावर लिहून दिले. नातू उच्चार तपासत असे आणि आजीला पुन्हा पुन्हा म्हणावयास लावत असे. स्वयंपाक करताना, सामायिकाला बसण्यापूर्वी, रात्री दिवा मालवताना बा ते दोन शब्द पुटपुटत. प्रसंगी जावईबापूही दाराशी थांबून ऐकत.

रविवारी बा, सून आणि नानाजी तिघे शेजारच्या घरी गेले. दारात साठीच्या आसपासची एक स्त्री उभी होती. बांनी पांढरी साडी नेसली होती. त्यांनी हात जोडले आणि ते दोन शब्द एकही चूक न करता म्हटले. त्या स्त्रीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग आत गेली आणि एक स्टीलची ताटली घेऊन आली. शेवटच्या दिवाळीची ती परत जावयाची राहिली होती. ती त्यांच्या हातात देऊन ती बोलू लागली, भरभर, खूप वेळ, डचमध्ये. सुनेने मध्येच भाषांतर करावयास तोंड उघडले, तेव्हा बांनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवले. त्यांना त्यातले काही कळत नव्हते. त्या ऐकत राहिल्या.